बसल्या जागी चालणं

"पायल, गुरुजीले घरात नको बसवू वं. त्यायच्या पायावर दोन मानसं उभी हायेत."

इंदूबाईंनी हे कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं तेव्हा एप्रिल संपत आला होता. पायलच्या एका हातात तिची लेक मित्रा होती, दुसऱ्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती आणि तिसरा हात असता तर तो तिनं कपाळाला लावला असता. "हो काकू," म्हणून ती आत गेली. आता इंदूबाईंचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या इशाऱ्यांची गर्दीच एवढी, की त्यातला खरा कोणता हे ओळखायला वेगळं शिक्षण लागतं. तिन्हीसांजेला लेकराचे कपडे बाहेर ठेवू नको. टरबूज खाल्ल्यावर पाणी देऊ नको. मोबाईल उशाशी घेऊन झोपू नको, केस गळतात. त्याच रांगेत उभा राहून हाही इशारा आला आणि बाकीच्यांबरोबर परत गेला. पायल गृहविज्ञानाची पदवीधर आहे. घरात ऑक्सिमीटर आहे, बीपीचं मशीन आहे, तापमापक दोन आहेत. एक हरवला तर दुसऱ्यानं ताप बघता यावा म्हणून. अशा बाईला भिंतीवरून येणारं वैद्यक पटत नाही.

गुरुजी म्हणजे पायलचे सासरे, धर्मपाल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, निम्मी नोकरी मूर्तिजापूरकडे. गुडघे झिजलेले, साखर काठावर, रक्तदाब गोळीच्या धाकात. "माह्या गुडघ्यायचं त्या शकुंतला रेल्वेसारखं हाये," ते सांगत. "बंद झाली असं कोनी म्हनत नाई, फक्त चालत नाई." पण ते चालत होते. रोज उजाडताना काठी घेऊन निघायचे, बगिच्याला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरायचे आणि खुशालरावांचा जिना चढायचे.

खुशालराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, खाली भाडेकरू आणि वर ते एकटे. त्यांचे गुडघे गुरुजींपेक्षाही वाईट, म्हणून ते उतरायचे नाहीत आणि गुरुजी चढायचे. "रामराम गुरुजी." "जयभीम खुशालराव." वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचा नमस्कार उचलला नव्हता, आपापलाच परत केला होता, आणि तेवढ्यावर दोस्ती टिकली होती. मग दोघं व्यायाम करायचे. म्हणजे खुशालराव चहा मांडायचे आणि गुरुजी खांदे फिरवायचे. पेपर मोठ्यानं वाचणं हा फुफ्फुसांचा व्यायाम, त्यातल्या बातमीवर भांडणं हा हृदयाचा. ऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं की गुरुजी घरी.

आणि मग, इंदूबाईंच्या त्या इशाऱ्याच्या दोन दिवस आधी, एका सकाळी भांडण जरा लांबलं, ऊन जिना चढून वर आलं आणि परत येताना गुरुजींना पिठाच्या गिरणीपाशी चक्कर आली. गिरणीवाल्यानं त्यांना गव्हाच्या पोत्यावर बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि पायलला बोलावणं पाठवलं. ती पोचली तेव्हा सासरे पिठानं पांढरे झालेले. तिला वाटलं, रंग गेला. त्या दिवसापासून महिनाभर तिनं त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. नवरा नागसेन नोकरीला अकोल्याला, घरी शनिवार-रविवार. घरात एक अडीच वर्षांची मुलगी, एक पंचाहत्तरीचा म्हातारा, आणि दोघंही तिची पाठ वळली की दाराकडे निघणारे.

डॉक्टर म्हणाले, "उन्हात फिरू नका. पाणी पीत राहा. पहाटे हळूहळू चाला. चालणं सोडू मात्र नका."

चार वाक्यं. पायलच्या कानांनी पहिल्याला आत घेतलं आणि बाकीच्या तिघांना ओसरीवर बसवलं.

*

पण व्यायाम तर पाहिजे. पायल अडाणी नव्हती. सोयीचा, सावलीतला, नजरेसमोरचा व्यायाम पाहिजे. आणि तो तर घरासमोरच होता! कॉलनीच्या बगिच्यात कुठल्याशा निधीतून 'ओपन जिम' बसवली होती. लिंबाच्या गार सावलीत पाय हलवायचं यंत्र, खांदे फिरवायचं चाक, कंबर वळवायची तबकडी. सगळी यंत्रं मागच्या दिवाळीपासून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर सुतळी, फाटकाला कुलूप. 'ओपन' हा शब्द तेवढा मोठ्या पाटीवर.

ज्या ऑफिसात फाटकाची किल्ली होती तिथे पायल मित्राला कडेवर घेऊन गेली. एका टेबलानं तिला दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरं टेबल चहाला गेलं होतं, तिसऱ्यावरचे साहेब भेटले.

"उद्घाटन झाल्याशिवाय खोलता येत नाई मॅडम."

"मग उद्घाटन कधी आहे?"

"आचारसंहिता उठली की."

"ती कधी उठते?"

"एक उठली की दुसरी लागते न."

"अहो, माझ्या सासऱ्यांना फक्त पाय हलवायचे आहेत."

"मंग हलवू द्या न," साहेब फार समजुतीनं म्हणाले. "पायाले कोनं आचारसंहिता लावली?"

तोवर मित्रानं शिक्क्याचं पॅड शोधून काढलं होतं. दोन्ही तळवे, फ्रॉकचा पुढचा भाग आणि एक जावक फाईल एवढ्यांवर तिची मंजुरी उमटली. त्या दिवशी त्या ऑफिसातून तेवढंच काम मार्गी लागलं.

रात्री फोनवर नागसेन म्हणाला, "अगं, घरीच मशीन मागव ना. टेबलाखाली ठेवतात ते पायडल. बसल्या जागी चालणं होतं." नवरे अकोल्याहून फार सोपे उपाय सुचवतात. लांबून सगळंच सोपं दिसतं.

मशीन आलं. खोक्यातून निघाले दोन्ही पायडल डाव्या पायाचे. पायलनं कंपनीला कळवलं; कंपनीच्या वतीनं एक यंत्र तिच्याशी अत्यंत गोड मराठीत बोललं आणि तिचा प्रश्न सुटल्याबद्दल तिचं अभिनंदन करून निघून गेलं. "राहू दे," गुरुजी म्हणाले. "उजवा पाय तरी कुठी ऐकते? दोन्ही डावेच समजू." शेवटी उजवा पायडल आला. मशीन हॉलमध्ये मांडलं, पंख्याखाली, टीव्हीसमोर, पायलला ओट्यापाशी उभं राहून दिसेल असं. गुरुजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पाय मारू लागले.

गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे सरकू लागली.

गुरुजी पुढे चालवत होते आणि मागे जात होते. मित्रा टाळ्या पिटत होती. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे आल्यावर ते थांबले आणि सुनेकडे मान वळवून म्हणाले, "पायल, अशानं मी सांजपर्यंत रिटायर व्हायच्या आधी जाऊन पोचन."

मग खुर्ची फ्रिजला टेकवली. तेव्हा फ्रिज हलायला लागला. फ्रिजमागे पाट सरकवला. पाटाखाली गोणपाट. गोणपाटात मुंग्या. एकेका उपायाला दुसऱ्या उपायाचा आधार द्यावा लागत होता आणि सगळ्यात खाली पायल होती.

अमरावतीत कोणाच्या घरी काही नवीन आलं आणि कॉलनीला कळलं नाही, असं होत नाही. समोरच्या वहिनी 'जरा पाहू दे बाई' म्हणून आल्या आणि अर्धा तास पाहत बसल्या, पायांनी. त्यांच्यामागे त्यांची नणंद. नणंदेला पाठदुखी. पायडलानं पाठीला आराम पडतो असं तिला वाटलं, आणि वाटणं हे कळण्यापेक्षा लवकर पसरतं. दुपारी चार वाजता पायलच्या हॉलमध्ये बायकांची रांग. जी जिम उद्घाटनासाठी अडली होती, ती पायलच्या घरी विनाउद्घाटन सुरू झाली. फक्त चहा सरकारी नव्हता. येणारी प्रत्येक बाई एकेक उपाय ठेवून जायची. कोणी गरम करून बांधायला रुईची पानं आणली. कोणी थरथरणारा पट्टा आणला, तो गुरुजींनी लावला तेव्हा त्यांची कवळी बोलायला लागली. कोणी मेथीदाणे, कोणी लसूण घालून कडवलेलं तेल. संध्याकाळी घराला दवाखान्याचा, तडक्याचा आणि शेताच्या बांधाचा असा तिन्हींचा मिळून वास यायचा.

इंदूबाई मशीनवर बसल्या नाहीत. भिंतीपलीकडून म्हणाल्या, "समदं हाये माय तुह्या घरी. गुरुजी कुठी हायेत?"

गुरुजी आतल्या खोलीत होते. बायकांच्या रांगेत त्यांचा नंबर लागत नव्हता.

एका संध्याकाळी पायलनं एका हातानं मित्राला उचललं, दुसऱ्या हातानं मशीन बाजूला ओढायला गेली, आणि मानेत काहीतरी 'कट्' झालं. त्यानंतर तिची मान उजवीकडे वळेना. उजवीकडे काय चाललंय ते बघायला तिला अख्खी वळावं लागे, आणि मुलगी नेमकी उजवीकडूनच पळायची. गळ्यात पट्टा बांधून ती पोळ्या लाटायची. सकाळी सासऱ्यांचं बीपी बघायची, मग स्वतःचं. स्वतःचं जास्त निघायचं. तेव्हा ती मशीनवर शंका घ्यायची.

*

राहता राहिले खुशालराव. ती बाजू तर पायलनं फारच उत्तम सांभाळली, असं तिला वाटत होतं. म्हातारा सासरा जिना चढून जाण्यापेक्षा दोघांनी फोनवर एकमेकांना बघावं, किती सोय! एका रविवारी नागसेन वर जाऊन खुशालरावांना व्हिडिओ कॉल शिकवून आला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन म्हातारे एकमेकांना दिसू लागले. म्हणजे गुरुजींना खुशालरावांचं कपाळ आणि पंखा दिसायचा, खुशालरावांना गुरुजींचा कान.

"गुरुजी, दिसून रायले का?"

"तुमचा पंखा दिसून रायला. बरा हाये."

"चहा घेतला?"

"घेतला."

"मीनंबी घेतला."

पेपर दोघांचे वेगळे झाले होते, भांडायला बातमी एक उरली नव्हती. मग "ठेवतो," म्हणून फोन ठेवून गुरुजी मशीनवर बसत. "काय बाबा, चालताय ना?" पायल कौतुकानं विचारायची. "पोचलो टीव्हीपाशी," ते म्हणायचे. आठवड्यानं त्यांनी हेही म्हणणं सोडलं. पोळी अर्धी टाकायला लागले. गुडघे तर सुधारले नाहीतच, उलट उठताना भिंत लागायला लागली. पायलला दिसत होतं. तिला सगळंच दिसतं. अडचण एवढीच की काळजी करणाऱ्या माणसाला दिसलेल्या प्रत्येक गोष्टीवर आणखी एक वस्तू सुचते.

तिला सुचला खुशालरावांसाठी व्यायामाचा व्हिडिओ. त्यांचं तरी काय, दिवसभर बसून असतात. 'ज्येष्ठांसाठी सोपे व्यायाम, घरच्या घरी.' तिनं तो पाठवला, खाली दोन हात जोडलेले. खुशालरावांनी उत्तरादाखल गुलाबाचं फूल पाठवलं. पायलला फार बरं वाटलं.

आणि नागसेनला सुचलं अकोला. त्याच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर कोणी फिजिओथेरपिस्ट होते, शेक आणि करंट देत. "इकडेच या सगळे आठ दिवस. बाबांचे गुडघे, तुझी मान, एकाच ठिकाणी दोन्ही. सोय आहे."

गुरुजी म्हणाले, "मी नाई येत. खुशालराव एकटे हायेत."

"बाबा, फोन आहे ना. तिकडूनही दिसतीलच की."

"हो, पंखा दिसन."

पण गेले. एसटीत खिडकीशी गुरुजी, मध्ये मित्रा, कडेला पायल, मान सरळ, आणि पायांशी ते मशीन. कारण आठ दिवस खंड पडायला नको. कंडक्टर त्याच्याकडे बघून थबकला. "हे काय हाये? कुठी बसवान याले?"

"हे बसत नाई बाप्पा," गुरुजी म्हणाले. "हे मानसाले बसोते."

*

अकोल्यात पहिल्या दिवशी करंट घेऊन आल्यावर गुरुजी म्हणाले, "जिंदगीभर पोट्ट्यायले सांगतलं, करंटले हात लावू नोका. आता इथी मीच निजलो अन् हा मानूस मले लावून देते." पायलच्या मानेलाही शेक मिळाला आणि तासभर मान खरंच वळली. ती वळवून तिनं आधी मुलगी कुठे आहे ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांनी फोन उचलला नाही. दुपारीही नाही. गुरुजी दर घटकेला फोन पायलसमोर धरायचे. "लाव बरं पुन्हा." रिंग जायची, जात राहायची.

"झोपले असतील बाबा. बाहेर बघा ना, केवढं तापलंय. दारं लावून पडले असतील."

हे तर खरंच होतं. मे महिन्यात वऱ्हाडात दहानंतर कोणी दार उघडं ठेवत नाही. दारं बंद, खिडक्यांना पडदे, कूलर सुरू, आणि अख्खी गल्ली त्या घर्रर्र आवाजाच्या आत निजलेली. त्या वेळी कोणाचं दार उघडं दिसलं तरच माणसं विचारतात, काय झालं म्हणून. बंद दाराला काही विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

संध्याकाळी फोन लागेनासाच झाला. तेव्हा पायलनं इंदूबाईंना लावला. इंदूबाई भर तापलेल्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत जाऊन आल्या. त्यांचे गुडघे कोणी विचारत नाही म्हणून कळत नाही, पण तेही काही नवे नाहीत. जिन्याखालूनच बघून आल्या. "भाडेकरू लग्नाले गेले हायेत परतवाड्याले. दार लागलं हाये अन् कूलर चालू हाये वर. हायेत आत. फोन बिघडला असन."

"ऐकलं ना बाबा? कूलर चालू आहे. आहेत ते आत."

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं. वर्गात चुकीच्या उत्तरावर जसं बघत असतील तसं. रागानं नाही, आणखी एक संधी देत.

"आत हायेत हे मले मालूम हाये बाई," ते म्हणाले. "कसे हायेत ते इचारून रायलो."

"उद्या सकाळी बघू," ती म्हणाली. मित्राला भरवायचं होतं, करंटवाल्याची उद्याची वेळ पक्की करायची होती, मानेला शेक द्यायचा होता. थकलेल्या माणसाला उद्या हा फार जवळचा वाटतो.

सकाळी गुरुजींचं अंथरूण रिकामं होतं.

काठी नव्हती. चप्पल नव्हती. फोन मात्र उशीखाली होता, आणि मशीनच्या एका पायडलवर त्यांनी गुडघ्याचा पट्टा काढून नीट घडी घालून ठेवला होता, जसा माणूस नोकरी सोडताना किल्ल्या ठेवतो.

नागसेन स्कूटर काढून क्वार्टरांच्या रस्त्यांवर फिरायला निघाला. पायल म्हणाली, "तिकडे नको. स्टँडवर चल." तिला शंकाच नव्हती. गेल्या महिन्याभरात तिला पहिल्यांदाच एखादी गोष्ट न बघता कळली होती. स्टँडवर चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं मान हलवली. "काठीवाले आजोबा? पहिल्या अमरावतीत बसले न. मले म्हने, जोरात चालवते का हा ड्रायव्हर?"

पुढच्या गाडीत तिघं चढले. त्या प्रवासात पायलनं काय काय पाहिलं ते खिडकीबाहेर नव्हतं. गिरणीपाशी पिठानं पांढरे झालेले गुरुजी ती पुनःपुन्हा पाहत होती. फक्त या वेळी आजूबाजूला गिरणी नव्हती, पोतं नव्हतं, पाणी ओतणारा कोणी नव्हता. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, गोळी घेतली की नाही माहीत नाही, पाणी सोबत नाही, आणि त्याच्या पुढे एक जिना. मूर्तिजापूर आलं, गेलं. मित्रानं तिच्या मांडीवर झोपून तिचा हात मुंग्या येईपर्यंत दाबून ठेवला आणि तिला तो सोडवावासा वाटला नाही.

बडनेऱ्याच्या अलीकडे फोन वाजला. इंदूबाई.

"पायल, गुरुजी आले वं इकडं! माह्या दारापुढून आटोतून गेले, उतरलेबी नाईत, म्हनले चला मागून. अन् चढले ना माय वर! मी म्हनलं थांबा, कोनाले बलावतो. नाई ऐकलं. तू ये लवकर."

"आणि खुशालकाका?"

इंदूबाईंचं उत्तर एवढं छोटं असतं हेच पायलला नवीन होतं.

"जित्ते हायेत," त्या म्हणाल्या. "ये."

*

खुशालराव हॉलमध्ये सतरंजीवर उताणे पडलेले होते. आदल्या सकाळपासून. त्यांच्या डोक्याखाली आता उशी होती आणि शेजारी गुरुजी जमिनीवर बसलेले, चमच्यानं त्यांच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी घालत. खाली बसू नका असं ज्या गुडघ्यांना तीन डॉक्टरांनी बजावलं होतं, ते दोन्ही गुडघे दुमडून. चार्जिंगला लावून त्यावरच व्यायाम लावलेला फोन उंच बोर्डाला लटकत होता, हात पोचणार नाही असा, आणि बोर्डाचं बटण दाबायचं राहून गेलेलं. कूलर कोरडा होऊन गरम वारा फेकत होता. टाकीतलं पाणी कधी संपलं ते कोणाला सांगता येईना; ते थोडं आधी संपलं असतं तर ही गोष्ट सांगायची हिंमत कोणाची झाली नसती.

"काका, काय झालं हो?" पायल दारातच बसली.

खुशालरावांनी ओठ ओले केले. आवाज खोल गेला होता, पण वाकडेपणा शाबूत होता. "तुहा व्यायाम करून रायलो होतो न पोरी. त्या बाईनं सांगतलं, निजा, गुडघे मोडा, कंबर वर घ्या. घेतली. म्हने, थांबा. थांबलो. आता खाली कधी यायचं ते सांगन, तं तेवढ्यात साबनाची जाहिरात लागली."

"मग?"

"मग काय. पूर्न साबन होईपर्यंत मी वर. कंबर म्हनाली, मी चालली."

त्या क्षणी कंबर धरली ती धरलीच. उठता येईना, कुशीवर होता येईना. हाका मारल्या. पण खाली कोणी नाही, आणि गल्लीभर वीस-पंचवीस कूलर एका सुरात. त्यांत एका म्हाताऱ्याची हाक कुठे ऐकू येते! हाताशी एक तांब्या होता, तेवढा पुरवून पुरवून. डोक्यावर फोन वाजत होता, पुनःपुन्हा. "मले मालूम होतं कोन हाये ते," ते म्हणाले. "म्हनलं, रिंग वाजून रायली म्हनजे गुरुजी चिडून रायले. येईन थो."

"काय येईन थो! अकोल्याहून आलो मी," गुरुजी करवादले. त्यांचा चमचा हलत होता. "बयताडा, या वयात पूल बांधतं का कोनी?"

"रामराम तं म्हनू दे गुरुजी आधी."

"जयभीम. तोंड उघड."

नागसेननं रुग्णवाहिका बोलावली होती. इंदूबाई पदरानं वारा घालत होत्या. पायलच्या मनात मात्र एक अडकलं होतं, तिनं ते दाराकडे बघत विचारलं, "पण बाबा, दार उघडलं कोणी? आतून बंद होतं ना?"

"बंद कुठी होतं?" गुरुजी म्हणाले. "ढकललं अन् उघडलं."

"पोरी," खुशालराव छताकडे बघत म्हणाले, "रोज उठल्याबरोबर मी कडी काढून ठेवतो. गुरुजीले जिना चढून वर उभं राहा नाई लागलं पायजे म्हनून."

महिनाभर गुरुजी आले नव्हते. कडी रोज निघत होती.

इंदूबाईंचा पदर थांबला. जिन्याखाली उभं राहून कूलर ऐकून परत गेलेल्या त्याच होत्या. पायल त्यांच्याकडे बघणार होती, पण त्या उजवीकडे होत्या आणि मान वळत नव्हती, बरं झालं.

*

खुशालराव सलाईन, इंजेक्शनं आणि नर्सबाईंशी भांडणं असा कोर्स पुरा करून घरी आले. पुण्याचा मुलगा आला, रडला, वडिलांना घेऊन जातो म्हणाला. वडिलांनी त्याला पंख्याखाली बसवून चहा पाजला आणि परत पाठवला. डॉक्टरांनी त्यांनाही तीच चार वाक्यं सांगितली, 'हळूहळू चाला'सकट. या वेळी पायलनं चारही वाक्यं ऐकली.

आता उजाडताना तिघं निघतात: काठी टेकत गुरुजी, त्यांचं बोट धरून मित्रा, मागे पाण्याची बाटली घेऊन पायल. मित्राला प्रत्येक कुत्र्याशी थांबायचं असतं आणि गुरुजींना प्रत्येक ओट्यावर, त्यामुळे दोघांचा वेग छान जुळतो. पायलची मान त्या चालण्यानंच सुटत आली, असं इंदूबाई म्हणतात. ते रुईच्या पानांनी झालं, असंही त्याच म्हणतात. 'मी सांगतलं होतं' हे मात्र त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि पायलला ते ऐकण्यापेक्षा जड जातं. मशीन सध्या खुशालरावांच्या गॅलरीत आहे. दोन्ही पायडलांवर टॉवेल छान वाळतात. बगिच्यातली जिम प्लास्टिकमध्येच आहे. सुतळी तेवढी नवी बांधली.

थकवा? तो आहेच. पहाटे उठायचं, जिन्याखाली मित्राला धरून बसायचं, वरून 'रामराम', 'जयभीम' ऐकू आलं की उठायचं आणि घरी येऊन पोळ्या टाकायच्या. त्यात सोय काही नाही.

पण तुम्ही हे वाचताय त्या गल्लीत एखादं दार असेलच, दुपारभर बंद असलेलं, वर कूलर घरघरत असलेला. कूलर चालू आहे म्हणजे वीज आहे, एवढंच. पायलचं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचणं इथेच राहू द्या, चप्पल घाला, तो जिना चढा. हाक मारू नका, ऐकू जात नाही. दार ढकलून बघा. बहुतेक कडी काढलेलीच असते.